झालं काय, एवढंच विचारायचं होतं

नुकसानभरपाईची केस घातलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात: किती मागितले आणि किती मिळाले. माझ्या बायकोनं डॉक्टर आणि हॉस्पिटलवर घातलेल्या केसमध्ये या दोन आकड्यांच्या मध्ये काही वर्षं गेली. त्या वर्षांत काय काय करावं लागलं ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो. डिचोलीत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. कायद्यातलं मला काही कळत नव्हतं, पण कागद कळतो.

दुखणं तसं साधं होतं. पित्ताशयात खडे. तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ यायची ती थेट पाठीत जायची. सोनोग्राफी झाली, सर्जननं दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं. पोटावर लहान लहान भोकं, एक-दोन दिवसांत घरी. गावात चार जणांचं झालं होतं, सगळे ठणठणीत. दक्षिण गोव्यातलं एक खाजगी हॉस्पिटल ठरवलं, कारण मेहुणी तिथून जवळ राहते आणि डबा पोचवायला सोपं.

ऑपरेशन झाल्यावर बायकोचं पोट फुगायला लागलं. हॉस्पिटलात म्हणाले, ‘गॅस आहे, चाला जरा.’ तिला चालवत नव्हतं. पोटातून काढलेल्या नळीच्या पिशवीत हिरवट पाणी जमत होतं. रात्री ताप चढायचा, सिस्टर येऊन मोजायची, गोळी द्यायची, चार्टवर लिहायची आणि जायची. मेहुणी एका सकाळी म्हणाली, “भाऊजी, हिचे डोळे बघा हो.” डोळे पिवळे. डॉक्टर राऊंडला आले तेव्हा दाखवलं. थोडी कावीळ आहे, औषधानं उतरेल म्हणाले, आणि डिस्चार्ज दिला. घरी आणल्यावर तिला हुडहुडी भरली, बोलणं असंबद्ध झालं. १०८ बोलावली आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात नेलं.

तिथल्या एका तरुण डॉक्टरनं केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून दाखवलं. हे यकृत, ही मुख्य पित्तनलिका, ही पित्ताशयाची आखूड नळी. क्लिप लावून कापायची असते ती आखूड. इथं मुख्य नळीला इजा झालीय, पित्त पोटात सांडतंय, त्यात जंतू झालेत. आधी ते पित्त बाहेर काढायचं, जंतुसंसर्ग आटोक्यात आणायचा आणि काही आठवड्यांनी आतड्याचा भाग वर आणून यकृताकडच्या नळीला जोडायचा. ते मोठं ऑपरेशन पुढं मुंबईत झालं. एक नळी अंगात घेऊन बायको मधले आठवडे कशी राहिली ते लिहीत नाही. तिला आवडणार नाही.

तिला थोडं उठवायला लागलं तेव्हा आम्ही पहिल्या सर्जनकडे गेलो. भांडायला नव्हे. बायकोनं खुर्चीत बसून विचारलं, “डॉक्टर, जालें कितें तें तरी सांगात.” ते म्हणाले, कॉम्प्लिकेशन आहे, कुणालाही होऊ शकतं. कधी कळलं तुम्हाला? उत्तर नाही. बाहेर पेशंट थांबलेत म्हणाले. पुढच्या वेळी रिसेप्शनवरूनच परत पाठवलं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी दहा मिनिटं दिली असती, तर ही केस झालीच नसती. बायको आजही तेच म्हणते.

मग सल्ले सुरू झाले. पोलिसात जा, पेपरात दे, चार पोरं घेऊन जा. शेवटचा सल्ला देणाऱ्या चुलतभावाला बायकोनं घराबाहेर काढला. पोलिसांचं काय ते एका ओळखीच्या वकिलानं समजावलं: सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू केसमध्ये सांगून ठेवलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायचा तर निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य पाहिजे, आणि दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचं मत हातात असल्याशिवाय गुन्हा पुढं नेऊ नये. त्यात पेशंटला पैसे मिळत नाहीत ते वेगळंच. मेडिकल कौन्सिल डॉक्टरला ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ काढून घेऊ शकते. भरपाई देणं तिच्या हातात नाही. राहिला ग्राहक आयोग. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ मध्येच ठरलं, व्ही. पी. शांता केसमध्ये. सगळ्यांवर पूर्ण मोफत उपचार करणारी हॉस्पिटलं त्यातून वगळली आहेत, आपण तर बिल भरलं होतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करायची, हे त्यांनी बोट वर करून दोनदा सांगितलं.

वकीलबाई मिळाल्या पणजीच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी कहाणी ऐकून घ्यायला नकार दिला. “इनडोअर पेपर आणा, मग बोलू.” आमच्याकडे होतं फक्त डिस्चार्ज कार्ड. त्यावर लिहिलेलं: शस्त्रक्रिया विनाअडथळा, रुग्ण स्थिर, डिस्चार्ज. एवढंच वाचलं तर बायको बरी होऊन घरी आली असंच वाटेल.

हॉस्पिटलकडे हे इनडोअर, म्हणजे भरती असतानाचे आतले कागद मागणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. आधी म्हणाले असे कागद देत नाही. मग रेकॉर्ड सेक्शनचा माणूस रजेवर. वकीलबाईंनी अर्ज लिहून रजिस्टर एडीनं पाठवायला लावला. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत लिहिलंय की पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे आणि भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं सांभाळायचं. त्या नियमाचा आकडा अर्जात घातला. तरी नुसत्या अर्जानं झालं नाही, नोटीस गेल्यावर गठ्ठा आला. गोमेकॉचे कागद माहिती हक्काखाली अर्ज करून मिळाले, पानांवर शिक्के मारून.

तो गठ्ठा मी रात्री दुकान बंद करून काउंटरवर मांडला. झेरॉक्सवाल्याला एक सवय असते, मजकुराआधी कागद दिसतो. डॉक्टरांच्या रोजच्या नोंदींचं पान होतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून डिस्चार्जपर्यंतच्या सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच दाबानं, ओळींमधलं अंतरही सारखं. सकाळी राऊंडला उभ्या उभ्या लिहिलेलं असं दिसत नाही. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि वकीलबाईंनी मला तेच ऐकवलं. त्यांनी नर्सिंग चार्ट उचलला. सिस्टरांनी तारीख-वेळ घालून वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेला. ज्या रात्री डॉक्टरांच्या पानावर ‘ताप नाही’ असं होतं, त्याच रात्री चार्टवर १०१.४. डॉक्टरांच्या पानावर ड्रेनचा, म्हणजे पोटातल्या त्या नळीचा उल्लेखच नाही. चार्टवर मापासकट, आणि पुढे रंग: पित्तासारखा. त्या सिस्टरचं नाव मला माहीत नाही, सही गिचमिड आहे. केस तिच्यावर उभी राहिली.

संमतीपत्राचं पान तर बघण्यासारखं. छापील इंग्रजी फॉर्म. ‘धोके समजावून सांगितले’ यापुढची जागा कोरी. खाली बायकोची मराठीत सही. शस्त्रक्रियेला जी संमती घ्यायची ती समजून घेऊन दिलेली असायला हवी, हे समीरा कोहली केसमध्ये २००८ सालीच सांगितलंय. बायको म्हणाली, “मला वाटलं खोलीच्या भाड्याचा कागद आहे.”

आता डॉक्टरचं मत हवं होतं. व्ही. किशन राव केसमध्ये २०१० ला कोर्ट म्हणालं की प्रत्येक केसला तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही. पोटात कात्री राहिली तर ती कात्रीच बोलते. आमचं तसं नव्हतं. पित्तनलिकेची इजा चांगल्या हाताकडूनही होते, पुस्तकात लिहिलेली गोष्ट. म्हणून कुणीतरी जाणत्यानं वाचून सांगायला हवं होतं की इजेनंतर जे झालं, किंवा झालं नाही, ते बरोबर होतं का. आणि गोवा एवढासा. इथले निम्मे डॉक्टर एकाच कॉलेजातले, कुणी वर्गमित्र, कुणी एका हॉस्टेलचे, कुणी व्याही. दोन-तीन जणांनी कागद वाचून तोंडी सगळं सांगितलं, अगदी शिव्या घालून सांगितलं, पण लिहून देणार नाही म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. उद्या मलाही कुणी डिचोलीतल्या दुसऱ्या झेरॉक्सवाल्याविरुद्ध लिहून दे म्हटलं तर मी कितपत देईन? शेवटी कोल्हापूरच्या एका निवृत्त सर्जननं दीड पानी मत दिलं. त्यातलं महत्त्वाचं वाक्य आमच्याविरुद्धच होतं: इजा होणं हा स्वतःहून निष्काळजीपणा नव्हे. मी म्हटलं, हे खोडता येईल का? वकीलबाई म्हणाल्या, “हे आहे म्हणून बाकीचं खरं वाटेल.” बाकीचं असं होतं की ड्रेनमध्ये पित्त, ताप, फुगलेलं पोट आणि कावीळ एकत्र दिसत असताना साधी सोनोग्राफी न करता, रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती आहे ते, न तपासता, मोठ्या केंद्राकडे न पाठवता घरी सोडणं, हे वाजवी कौशल्यात बसत नाही.

तक्रार पर्वरीला, उत्तर गोवा जिल्हा आयोगात दाखल केली. आधीच्या कायद्याप्रमाणं मडगावला जावं लागलं असतं, कारण हॉस्पिटल तिकडचं. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि तक्रारदार राहतो तिथं तक्रार घालायची मुभा आली. डिचोलीहून म्हापसा, तिथून पर्वरी. पुलाच्या कामानं तिथला रस्ता असा काही झाला की तारखेच्या दिवशी पहिल्या बसनं निघूनही धाकधूक. दुसरं एक लोकांना माहीत नसतं: कुठल्या पातळीवरचा आयोग आणि किती फी, हे तुम्ही मागता त्या रकमेवर नाही तर तुम्ही भरलेल्या बिलावर ठरतं. बिल पाच लाखांच्या आत, तर फी शून्य. पन्नास लाखांपर्यंतच्या बिलाला जिल्हा आयोग. आमचं बिल पाच लाखांच्या पुष्कळ खाली होतं. त्यात भूलतज्ज्ञाचे पैसे नव्हते, ते पाकिटातून रोख मागितले होते आणि पावती नाही. त्या रकमेवर पाणी सोडलं.

किती मागायचे यावर घरात जे झालं ते विनोदी होतं. कुणाल साहा केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ५ कोटी ९६ लाख दिले होते, ते कुठून तरी मेहुण्याच्या कानावर आलेलं. तो करोडोंत बोलायला लागला. वकीलबाईंनी एक कोरा कागद घेऊन रकाने पाडले. पहिला खर्च, दुसरा खर्च, मुंबईचं जाणं-येणं-राहणं, बुडालेलं उत्पन्न, पुढचे उपचार, शारीरिक-मानसिक त्रास, केसचा खर्च. प्रत्येक रकान्यासमोर कागद पाहिजे. बायको घरी ब्लाऊज शिवते. तिच्या उत्पन्नाचा कागद म्हणजे एक शाळेची दोनशे पानी वही, त्यात गिऱ्हाइकाचं नाव, छाती, बाही, गळा, शिलाई आणि पैसे मिळाल्यावर मारलेली तिरकी रेघ. समोरच्या वकिलांनी आयकर विवरण मागितलं. आमच्या बाईंनी ती वही दाखल केली. चतुर्थीआधीच्या महिन्यांत पानं भरगच्च, आणि आजारपणाच्या वर्षी त्याच महिन्यांची पानं कोरी. आयोगानं ती वही मान्य केली. सगळं उत्पन्न नाही धरलं, पण धरलं.

‘पुढचे उपचार’ हा रकाना मी जवळजवळ सोडूनच देत होतो. जोडलेली नळी पुढं वर्षांनीही आकसू शकते, असं मुंबईच्या डॉक्टरांनी डिस्चार्जवर लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, एकदा निकाल लागला की त्याच कारणासाठी पुन्हा येता येत नाही, जे काय ते आत्ताच.

नोटीस गेल्यावर डॉक्टरांच्या बाजूनं विमा कंपनीही पक्षकार झाली. डॉक्टरांचा व्यावसायिक जबाबदारीचा विमा असतो, हे मला तेव्हा कळलं. आणि त्यातली एक अटही कळली, अशा पॉलिसीत ती सर्रास असते: कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, तडजोडीचं बोलायचं नाही. म्हणजे बघा. केस घालण्याआधी ते बोलले नाहीत, आणि केस घातल्यावर त्यांना बोलायची मुभाच राहिली नाही. त्यांच्या गप्प बसण्यावर माझा जो संताप होता, त्यातला अर्धा त्या दिवशी पॉलिसीच्या त्या कलमावर गेला. उरलेला अर्धा मात्र डॉक्टरांकडेच राहिला, कारण पहिल्या भेटीच्या वेळी कसली नोटीस नव्हती.

लेखी उत्तर द्यायला त्यांना तीस दिवस, वर पंधराची सवलत. त्यापलीकडे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा २०२० चा निकाल आहे. उत्तर अगदी काठावर आलं. तक्रार खोटी, पैसे उकळण्यासाठी, घरी गेल्यावर पेशंटनं पथ्य पाळलं नाही. पथ्याचं वाचून बायको हसली. तिला तेव्हा पाणी पचत नव्हतं.

मध्ये मध्यस्थीची सूचना झाली. बसलो. समोरून एक रक्कम आली, वाईट नव्हती, माझं मन डळमळलं. अट होती की कुणाचाही दोष मान्य न करता प्रकरण संपवायचं आणि कुठं वाच्यता करायची नाही. बायकोनं विचारलं, पैसे कमी केले तर काय झालं ते लिहून देतील का? वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. अशी काही सोय नव्हती.

ग्राहक आयोगात सिनेमासारखी उलटतपासणी सहसा होत नाही. प्रतिज्ञापत्रावर पुरावा, आणि प्रश्न लेखी द्यायचे, उत्तरं लेखी यायची. आमची प्रश्नावली वकीलबाईंनी आणि बायकोनं मिळून केली, स्वयंपाकघरात बसून. मी फक्त टाईप केली. काही प्रश्न बाईंनी खोडले, भावनिक आहेत म्हणून. उत्तरं आली ती मुद्रांकावर, नोटरीच्या लाल शिक्क्यासह. त्यातली दोन अशी:

प्रश्न: ड्रेनमधून पित्त येत असल्याचे आपल्या प्रथम केव्हा लक्षात आले?
उत्तर: शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी.

प्रश्न: त्यानंतर सोनोग्राफी अथवा रक्ततपासणी का केली नाही?
उत्तर: अल्प गळती बहुतेक वेळा आपोआप थांबते. रुग्णाची प्रकृती स्थिर असल्याने वाट पाहण्याचा निर्णय घेतला.

बायकोनं ते पान दोनदा वाचलं. “म्हणजे त्यांना माहीत होतं,” म्हणाली. मग थोड्या वेळानं, “वाट बघितली, हे सांगायला काय झालं होतं?” निकालाच्या दिवशी ती आली नाही. तिचं काम या पानाशी झालं होतं.

निकालाला वेळ लागला. कायद्यात तीन महिन्यांचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे, वस्तूची चाचणी करावी लागली तर पाच. आमच्या केसमध्ये सरकारी तज्ज्ञांचा अभिप्राय मागवला गेला, तो कोल्हापूरच्या मतापासून फार लांब नव्हता. निकालात आयोगानं इजेबद्दल डॉक्टरांना दोष दिला नाही. इजा ओळखण्यातला उशीर, कावीळ दिसत असताना दिलेला डिस्चार्ज, आणि कोरी जागा असलेलं संमतीपत्र, या तिन्हींवर हॉस्पिटल आणि डॉक्टर दोघांना जबाबदार धरलं. रक्कम मागितली त्याच्या निम्म्याहून कमी, तक्रारीच्या तारखेपासून व्याज.

ते अपिलात गेले. पंचेचाळीस दिवसांत जायचं असतं, आणि ठरलेल्या रकमेच्या निम्मे भरल्याशिवाय त्यांचं अपील घेतलंच जात नाही, ही तरतूद आमच्यासारख्याला फार आधार देते. पणजीला राज्य आयोगानं मानसिक त्रासाचा आकडा खाली आणला. बाकीचं कायम. ‘पुढचे उपचार’ या रकान्याला हात लागला नाही.

पैसे विमा कंपनीकडून आले. मेहुणीच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण होत्या, त्या आधी सोडवल्या. मुंबईच्या वेळी चुलतभावानं हातउसने दिलेले परत केले, तोच ज्याला घराबाहेर काढलं होतं. घेईना, मग त्याच्या पोराच्या नावावर ठेवले. पुढच्या उपचारांच्या रकमेची मुदत ठेव बायकोच्या नावावर आहे आणि तिला हात लावायचा नाही असं तिनं सांगितलंय. दर सहा महिन्यांनी रक्त तपासतो. या वेळचं बिलिरुबिन नॉर्मल आलं. पुढची तपासणी चतुर्थी झाल्यावर, कारण त्याआधी तिला शिवणाच्या कामातून उठायला सवड नसते.